चौथं ताट

१

जयवंताबाईच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसत. त्या तीन दिवसांत देव आहे की नाही, असं विचारायला घरात कोणाला फुरसत नसे. सोळा भाज्या कोण चिरणार, हा प्रश्न त्याहून मोठा असे. मधल्या खोलीत धान्याच्या चार कोठ्या मांडायच्या, त्यांना साड्या-कपडे नेसवायचे, वर पितळी मुखवटे चढवायचे. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन लेकरं, एक पोरगी, एक पोरगा. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांपुढं चार ताटं वाढायची, दाराला पडदा लावायचा आणि आतले जेवून होईपर्यंत घरादारानं बाहेर चूप बसायचं. तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून मुखवटे जागच्या जागी हलवायचे, की ते गेले. मग उरतं ते नुसतं पितळ. फडक्यात गुंडाळून पेटीत.

पडदा उचलला की दरवर्षी ताटं होती तशीच असत. भातावर कुठं खळगा दिसला, की जयवंताची नणंद यमुताई हात जोडून म्हणे, "बोटं उमटली पाह्य मायची." वाफ निवली की भात खचतो, हे जयवंताला चौथीतून शाळा सुटूनही कळत होतं. पण ती बोलत नसे. नणंद काटोलहून बसचे धक्के खात येते, तिला तेवढं तरी पाहून जाऊ द्यावं.

यंदा कटकट आली ती वरच्या खोलीतून.

जयवंताचा एकुलता एक पोरगा आयुष बीएला होता. विषय तत्त्वज्ञान. ह्या विषयावर पोट भरलेला माणूस जयवंतानं अजून पाहिला नव्हता, भरल्या पोटी त्यावर बोलणारे मात्र तिच्याच घरी रोज जमत. एक पियूष, कोराडीच्या कॉलनीतला, बापाच्या पगारावर केस वाढवलेला. दुसरी वेदिका, वकिलाची पोरगी, बोलताना डोळे मिटून घेणारी. तिघं मिळून वरच्या खोलीत बसत. माणूस ह्या जगात फेकला गेलाय म्हणे. वर कोणी पाहणारा नाही. आधी माणूस नुसता असतो, अर्थ मागून ज्याचा त्यानं करायचा. जयवंता चहा घेऊन जिना चढे तेव्हा हे सगळं तिच्या कानावर पडे. फेकल्या गेलेल्या ह्या माणसांना चहात साखर कमी पडलेली मात्र चालत नसे.

"आई, तू खरंच मानते का, ते जेवतात म्हणून?" आयुषनं एकदा विचारलं.

"मी वाढते. जेवायचं का नाही ते त्यायचं ते पाहतील."

"म्हणजे तुले माहीतच नाही."

"तुले माहीत आहे का, पोळी काहून फुगते? तरी आठ खातोच ना."

वेदिकानं डोळे मिटले. "काकू, हे स्वतःशी अप्रामाणिक राहणं झालं."

"बाई, तू आपला कप मोरीत नेऊन ठेव. आजच्यापुरता तेवढा प्रामाणिकपणा बस झाला."

पियूष फिसकन हसला. आयुष हसला नाही. तो पोरगा मनाला लावून घ्यायचा. आधीची दोन पोटातच गेली, मग हा हाती लागला होता. लहानपणी तापला की जयवंता पहाटेपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसे. खालीवर होते की नाही, एवढंच बघे. देवाकडे मात्र तेव्हाही तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

२

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी वर पुन्हा तेच चाललं होतं. जयवंता पुरणाची डाळ निवडत जिन्याखाली बसली होती.

"सगळा धर्म म्हणजे त्या पडद्यामागची रिकामी जागा," आयुष सांगत होता. "सगळे बाहेर बसतात म्हणून ती टिकून आहे. कोणीतरी आत जाऊन बसलं पाहिजे."

"मोबाइल ठेव ना बे आत," पियूष म्हणाला. "रेकॉर्डिंग कर, खतम."

"तो पुरावा झाला. मले पुरावा नाही पाहिजे. मले तिथं असायचं आहे."

जयवंतानं सुपातला खडा उचलून फेकला. बोलतात, बोलू दे. ह्यांच्या हातून साधी गॅसची टाकी बदलली जात नाही, हे काय कुठं जाऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं वाढली. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्यांची एकत्र भाजी. तिनं दाराला पडदा लावला आणि सासूच्या वेळेपासून चालत आलेलं बोलली, "जेवा माय, पोटभर जेवा. लेकरांनो, लाजू नका. हे घर तुमचंच आहे."

सगळे बैठकीत चूप बसले. जयवंताचा नवरा मधुकरराव लकडगंजात लाकडाच्या वखारीत कारकून होता. सुट्टीच्या दिवशी चूप बसायला त्याला वेगळं सांगावं लागत नसे. यमुताई ओठातल्या ओठात काही म्हणत होती. पियूष आणि वेदिका एकमेकांकडे पाहत होती. तेवढ्यात जयवंताच्या लक्षात आलं, आयुष दिसत नाही. आणि मधल्या खोलीला मागच्या आंगणातून एक दार आहे.

पण पडदा मध्येच उचलायचा नसतो. तिला ते खरं वाटत होतं असं नाही. नणंद समोर बसली होती.

वेळ झाली तसा तिनं पडदा सारला.

आयुष चौथ्या ताटापुढं बसला होता. लहान्या पोराच्या कोठीवरचा मुखवटा त्यानं काढून खिडकीत भिंतीकडे तोंड करून ठेवला होता आणि कोठीचं जरीचं उपरणं स्वतःच्या डोक्यावरून घेतलं होतं. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. डोळे उघडे. यमुताई किंचाळली. मधुकररावानं "अबे" एवढंच म्हटलं.

आयुष हलला नाही. बाकीच्या तीन मुखवट्यांसारखा समोर बघत राहिला. जयवंतानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांदा धरून हलवलं, तेव्हा तो हसला. हसू आलं, पण जरा उशिरा. शेजारच्या घरी टीव्ही लागावा तसं.

"कोणी नाही आलं," तो म्हणाला. "मीच होतो."

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मुखवटा उचलून कोठीवर चढवला आणि यमुताईला म्हणाली, "झालं. पोट्टा आहे. आता पंगत बसवा, अन्न निवून राहिलं."

३

पोरं पंगतीला बसली. आयुषनं पोळी मोडली, तुपात बुडवली, तोंडात घातली. चावली. गिळली. गळ्याची घाटी वरखाली झाली. जयवंता वाढत फिरत होती. पियूषला तिसरी पोळी, वेदिकाला "नको नको" म्हणत दुसरी. आयुषपाशी आली तर त्याच्या ताटात पोळी होती. कोपरा मोडलेली, तेवढीच.

ती पुढं गेली. कढी घेऊन परत आली. आयुष चावत होता. पोळी तशीच, एक कोपरा मोडलेली. भातावर बोटांचा एक खळगा, तोही तसाच.

"जेव ना गा," ती म्हणाली.

"जेवतोच आहे, आई."

आणि तो जेवतच होता. ती कढीचं भांडं हातात धरून उभी राहिली आणि बघत राहिली. घास ताटातून उचलला जात होता, हे तिला दिसत होतं. तोंडात जात होता, हेही दिसत होतं. ताट मात्र कमी होत नव्हतं. शेवटी तो हात धुवायला उठला आणि ताट तिच्यासमोर राहिलं, भरलेलं, निवलेलं, नैवेद्यासारखं.

जयवंतानं स्वतःला शिव्या घातल्या. पहाटेपासून चुलीपुढं उभी आहेस, डोळ्यांपुढं अंधारी आली असेल. रुसला असेल धपाट्यावरून, नाटक करत असेल. बाहेर समोसे खाऊन आला असेल. कारणं पुष्कळ होती, तिनं सगळी एकेक करून लावून पाहिली. पण पिठाचा अंदाज तिचा तीस वर्षांत चुकला नव्हता. त्या दिवशी गोळे उरले ते सात, आणि ताटातली ती एक धरून आठ.

४

संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया आल्या. आयुष खाली आला, यमुताईच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, चुकलं माझं."

यमुताईच्या डोळ्यांना पाणी आलं. "देवीनंच सुधारलं वं पोट्ट्याले."

मधुकररावालाही तो आवडला. आल्यागेल्याला खुर्ची देत होता, जाताना पंखा बंद करत होता, मोबाइल हातात नव्हता. वर वेदिका तर भारावून गेली होती. "काकू, किती शांत झालाय तो. जगाला अर्थ नाही हे आतून स्वीकारलं ना, की माणूस असा होतो."

"असा म्हणजे कसा?"

"म्हणजे... त्याला आता काहीच नको आहे."

"मड्यालेही काही नको असतं, बाई."

वेदिकानं हेही कुठंतरी लिहून ठेवण्यासारखं वाक्य आहे अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं. जयवंताला तिची कीवही आली आणि रागही. पोरगा समोर बसलाय, तुमचा दोस्त म्हणवतो, आणि तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर तुमचं पुस्तक दिसतं. चेहरा नाही दिसत.

कारण तिला दिसत होतं. आयुष पलंगावर बसला होता आणि गादी दबली नव्हती. कापसाची जुनी गादी, मांजर बसलं तरी खड्डा पडायचा. चादरीला एक सुरकुती नव्हती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी सुटलेली, कोणीही चढलं-उतरलं की खट्ट वाजायची. तो तिच्या मागोमाग खाली उतरला तेव्हा एकदाच वाजली. तिच्या पावलाला.

खाली आल्यावर तिनं त्याच्या छातीवर तळहात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. छाती खालीवर होत होती. अगदी सावकाश, अगदी सारखी. कोणीतरी शिकवल्यासारखी.

"काय झालं, आई?" त्यानं गोड विचारलं.

तिच्या पोरानं मागची दोन वर्षं तिच्याशी गोड बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि त्या क्षणी तिला त्या जुन्या उद्धट, उष्टी भांडी पलंगाखाली लोटणाऱ्या, आईला अडाणी म्हणणाऱ्या पोट्ट्याची इतकी भूक लागली, की ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

५

सकाळी तो आंघोळ करून आला. केस ओले. ती मागून न्हाणीत गेली, तर फरशी कोरडी. बादली पालथी, काल तिनंच घातलेली. साबणाला फट पडलेली होती, तीही वाळलेली.

तिनं कोणाला सांगायचं? नवरा म्हणेल, झोप घे. नणंद म्हणेल, कृपा झाली. आणि त्या दोघा विद्वानांना सांगावं, तर ते त्यावर चहा मागतील.

तिसऱ्या दिवशीचा नैवेद्य साधा असतो, दहीभात आणि कानवले. तिनं चार ताटं मांडली. पडदा लावला. नेहमीचं बोलायला तोंड उघडलं आणि घर तुमचंच आहे हे शब्द घशाशी आले, तशी तिनं दात मिटले. काही न बोलता बाहेर बसली. बैठकीत आयुष मधुकररावाशेजारी बसून होता, हात गुडघ्यांवर ठेवून. म्हणजे तो आत नव्हता. मागच्या दाराला तिनं स्वतः कुलूप घातलं होतं.

आतून आवाज आला. बारीक. कोणीतरी खूप भुकेलं असून चोरून खावं, तसा.

"उंदीर असन," मधुकरराव म्हणाला.

जयवंतालाही तेच पाहिजे होतं. उंदीरच असावा, ह्याच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा तिनं हात जोडले. मग पडदा सारून एकटी आत गेली आणि मागं ओढून घेतला.

तीन ताटं होती तशी. चौथ्या ताटातला दहीभात संपला होता. ताट बोटांनी निपटून घेतलेलं. आणि दोन्ही कानवल्यांचं सारण खाऊन कडेची मुरड तेवढी ताटाच्या काठाशी ओळीनं ठेवली होती. उंदीर मुरड आधी खातो, ती कुरकुरीत असते. मुरड टाकणारा ह्या घरात एकच होता. त्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली होती.

ती लहान्याच्या कोठीपाशी खाली बसली. पितळेचा मुखवटा, रंगवलेले डोळे, ओठांवर तेच ते हसू. तिनं त्याच्या गालाला हात लावला.

गाल गरम होता. ताप चढल्यासारखा. आणि नाकाखालचं पितळ आरशावर फुंकर घालावी तसं धुकटलं, निवळलं, पुन्हा धुकटलं. धांदलीनं. भ्यालेल्या लेकरासारखं.

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, दह्याचा एक थेंब हनुवटीला लागला होता तो.

६

"टाक वं अक्षता," यमुताई दारातून म्हणाली. पिशवी भरून, चपला घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. "वेळ सरून राहिली, माही बस चुकते."

जयवंता अक्षतांची मूठ आवळून कोठ्यांपुढं उभी होती.

"चुकू द्या."

"काहून?"

"यंदा ह्या नाही जात."

"नाही जात म्हणजे? देवीले कोंडून ठेवते का तू?"

"ठेवते."

यमुताईनं भावाकडे पाहिलं. मधुकररावानं खाकरून घेतलं. "अवं, असं कोणी करते का. लोक काय म्हणतील?"

"लोकायले आंबील पाठवा, काही म्हणत नाहीत."

पियूष आणि वेदिका निरोपाचा प्रसाद घ्यायला आली होती. वेदिका हळूच म्हणाली, "काकू, सोडून देणं हेच तर खरं असतं."

"तू सोड. तुझ्या घरी जाऊन सोड," जयवंता मान न वळवता म्हणाली. "मी दोन सोडले आहेत. मले शिकवू नको."

पोरीचे डोळे पहिल्यांदा उघडे राहिले.

मग जिन्यावरून तो उतरला. फरशी वाजली नाही. सगळ्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली, चांगल्या मुलाला देतात तशी. तो दारात, पडद्याच्या रेघेवर येऊन थांबला. आत पाऊल टाकलं नाही.

"आई, हलव ना. सगळे वाट पाहून राहिले."

"तुले काहून घाई?"

"मले कसली घाई. ते पाहुणे आहेत. पाहुण्यांनी वेळेवर जावं."

"आणि तू?"

"मी तं घरचाच," तो म्हणाला, आणि हसला. हसू आता उशिरा येत नव्हतं. तो शिकला होता.

बोलताना त्याचे डोळे तिच्या मुठीवर होते. तिच्या चेहऱ्यावर नाही. तिच्या पाठीमागं कुठंतरी, गुडघ्याच्या उंचीवर, कोणीतरी भराभर श्वास घेत होतं.

जयवंतानं मूठ उघडली. अक्षतांकडे पाहिलं. कुंकू लावलेले तांदूळ, तिच्याच डब्यातले. असे चार दाणे एखाद्याला घरात ठेवतात की घराबाहेर काढतात, हे कळायला ना तिची चौथी पुरली असती, ना ह्यांचं बीए. तिनं मूठ तोंडाशी नेली आणि सगळ्या अक्षता कचकचा चावून खाल्ल्या.

"घ्या," ती म्हणाली. "झाल्या अक्षता."

मधुकरराव पुढं झाला, तशी जयवंतानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो होता तिथं थांबला. दारातला मात्र हसतच होता, फक्त हसण्यातलं काहीतरी गळून पडलं होतं. लाइट गेल्यावरही थांबायला वेळ घेणाऱ्या पंख्यासारखं ते नुसतं फिरत राहिलं होतं.

तिनं त्याच्या तोंडावर पडदा ओढला.

आत अर्धा अंधार. फुलांचा, तुपाचा, जरा आंबटलेल्या दह्याचा वास. तिनं नैवेद्याच्या डब्यातला उरलेला कानवला काढला आणि लहान्याच्या कोठीला पाठ टेकून खाली बसली, तोंड पडद्याकडे करून. मागं वळून बघायचं नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मागं वळली तर नुसतं पितळ दिसेल, किंवा नुसतं पितळ दिसणार नाही, आणि दोन्हींपैकी काहीही दिसलं तर पुढची पोळी तिच्या हातून भाजली जाणार नाही, एवढं तिला कळत होतं.

बाहेर माणसं कुजबुजली. पियूष "चल बे, चल" म्हणत वेदिकाला घेऊन गेला. यमुताईची पिशवी घासत गेली. मधुकररावानं दोनदा नाव घेतलं, मग त्याचीही पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

पडद्याच्या खालच्या फटीत दोन पावलं उरली. ओळखीची. डाव्या अंगठ्याचं नख सायकलवरून पडून काळं झालेलं. ती पडद्याकडे टोकं करून उभी होती.

जयवंतानं कानवल्याचा तुकडा मोडला आणि न बघता खांद्यावरून मागं धरला.

"खा," ती म्हणाली. "मुरडीसकट खा. माजू नको."

हाताला गरम वाफारा लागला. मग तुकडा बोटांतून अलगद ओढला गेला.

फटीतली पावलं हलली. गुडघे दिसले, मग गुडघ्यांवर ठेवलेले हात. पडद्यापलीकडे तोही मांडी घालून बसला, तिच्या अगदी समोर. त्यालाही घाई नव्हती.